दुपट्ट्याखालचा हात

मधुकररावांचं शहरातल्या गांधीबाग बाजारात कापडाचं ठोक दुकान आहे. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई त्या दुकानात वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, जात असत आणि आरती झाली की प्रसाद घेऊन त्याच गाडीनं घरी परत येत. त्या वारल्यावर मधुकररावांनी त्यांच्या नावानं प्रतिष्ठान काढलं. त्याच्या माहितीपत्रकातलं पहिलं वाक्य असं: 'स्त्रीला आर्थिक व्यवहारात बरोबरीचे स्थान मिळावे यासाठी.' हे वाक्य त्यांच्या सुनेनं, श्वेतानं लिहिलं. मधुकररावांनी ते चष्मा लावून वाचलं, त्यात आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही, आणि सही केली.

प्रतिष्ठानचं ऑफिस मनीषनगरात एका अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली दातांचा दवाखाना, त्यामुळे सक्षमीकरणासाठी येणाऱ्या बायकांना जिन्यात नेहमी कुणाचं तरी कण्हणं ऐकू येतं. श्वेता संचालक. समाजकार्याची पदवी तिनं लग्नाआधी घेतली आणि लग्नानंतर तेरा वर्षं ती कपाटात होती. पदवी, मी नव्हे, असा खुलासा ती स्वतःच करते. गावांमधलं काम वंदना बघते. वंदना काटोलची, स्कुटी चालवते, आणि कुठल्याही गावात पोचली की चहा होईपर्यंत कुणाची तरी भाची निघते.

दरवर्षी बचत गटांकडून प्रस्ताव येतात. शिलाई मशीन, पापड, मसाले, पुन्हा शिलाई मशीन. प्रतिष्ठाननं इतकी मशीनं वाटली आहेत की काटोल तालुक्यात आता फाटकं काही शिल्लक नसावं. म्हणून भोरखापा गावच्या गटानं बकऱ्या मागितल्या तेव्हा श्वेताला बरं वाटलं. बकऱ्या दिल्या. बकऱ्यांनी कुठलंही प्रशिक्षण न घेता आपलं काम चोख केलं, आणि दोन वर्षांत अहवालातला आलेख वर गेला.

अडचण त्यापुढे होती. ती श्वेताला भोरखाप्याच्या अंगणवाडीच्या ओट्यावर कळली. गटाची अध्यक्ष गोपिका समोर बसली होती. पस्तिशीची बाई, नवरा धर्मेंद्र बुटीबोरीला कंपनीत, सुट्टीला घरी येतो. घरचं शेत आणि ढोरं बघतात ते धर्मेंद्रचे मोठे भाऊ रामाजी, म्हणजे गोपिकाचे भासरे.

"बकऱ्या तुमच्या नावावर आहेत ना?" श्वेतानं विचारलं.

"नावावर आहेत."

"मग विकता पण तुम्हीच?"

"मी कशी विकू? भासरे नेतात."

"का पण? तुम्ही का नाही नेत?"

गोपिकानं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. "हात कोण देईन, मॅडम?"

श्वेताला काही कळलं नाही. मग वंदनानं समजावून सांगितलं. या भागातल्या बकऱ्यांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकतात, आणि खाली बोटं धरून सौदा होतो. घेणारा मोठ्यानं म्हणतो 'हजार', आणि दुपट्ट्याखाली समोरच्याची जितकी बोटं धरेल तितके हजार. मग 'शेकडा', पुन्हा बोटं. अख्खा पंजा म्हणजे पाच. पटलं तर हात दाबायचा, नाही पटलं तर काढून घ्यायचा. भोवती गर्दी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. आणि परक्या माणसाच्या हातात, तेही कापडाखाली, कुठली बाई हात देणार?

"म्हणजे तुमची बकरी कितीला गेली ते तुम्हाला कळतच नाही?"

"कळते ना. भासरे येऊन सांगतात, इतक्याले गेली. मी म्हणते, बरं."

श्वेता पुढे सरकली. अहवालाच्या दृष्टीनं हा महत्त्वाचा क्षण होता. "ते मध्ये काही ठेवून घेत असतील असं वाटतं का तुम्हाला?"

"नाई, तसं नाई म्हणत मी. भला माणूस आहे." गोपिका म्हणाली. "पण भला आहे हे मले दरवर्षी मानाच लागते. एखाद्या वर्षी मले पाहून ठरवू द्या, एवढंच म्हणते मी."

"मानत नाई त जाशीन कुठं वं?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि ओटा हसला. गोपिकाही हसली. श्वेता हसली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला अशी अडचण भेटली होती जी तिनं आधी दुसऱ्या कुणाच्या प्रस्तावात वाचली नव्हती.

उपायही तिला लगेच सुचला, आणि तिथंच पहिली चूक झाली. गुप्त सौद्यावर उपाय म्हणजे उघडा सौदा. बाजाराच्या एका कोपऱ्यात दोर बांधून चौकोन केला, 'महिला पशुपालक खुला लिलाव' असा बॅनर लावला, माइक आणला. माइकवर सुरुवातीला श्वेता पारदर्शकतेवर बोलली. बकऱ्या, बायका आणि व्यापारी तिघांनीही शांतपणे ऐकून घेतलं. मग पहिला बोकड उभा केला आणि बोली पुकारली. व्यापारी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. शेवटी एकानं जो आकडा सांगितला तो ऐकून बोकडसुद्धा ओरडला.

त्या बाजारातला सगळ्यात मोठा व्यापारी म्हणजे भैय्याजी. साठीचा, जाडा, पांढरा दुपट्टा, तोंडात कायम सुपारी. श्वेतानं त्याला बाजूला घेऊन विचारलं, एवढा कमी भाव का हो?

"मॅडम, आता सांगा," भैय्याजी म्हणाला, "दुपट्ट्याखाली मी कोणाले चार पैसे जास्ती देतो. माल पाहून देतो, कधी त्याची नड पाहून देतो. त्या बाजूवाल्याले पता नाही चलत. माइकवर दिले त उद्या सगळे तेवढेच मागतीन. मंग मी काय घर विकू?"

"पण हे पारदर्शक आहे."

"हो ना. म्हणून त मी भी सावध आहो."

दुसऱ्या बाजारालाही तेच झालं. तिसऱ्या बाजाराला बायकांनी दोराच्या चौकोनात बकऱ्या नेल्याच नाहीत. सरळ आपापल्या माणसांच्या हातात दोऱ्या दिल्या. प्रतिष्ठानच्या तिमाही अहवालात 'पथदर्शी टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण' असं आलं. गोपिकानं त्या माइकवर एक बोकड विकला होता. त्याबद्दल वंदनानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पहिले भाव मले माहीत नव्हता. आता साऱ्या बाजाराले माहीत झाला. यात माहा काय फायदा झाला, तूच सांग."

त्यानंतर काही दिवसांनी गोपिकानं गटाच्या बैठकीत सांगितलं की माइक नको, बॅनर नको. बकरी ईदच्या आधीच्या बाजारात तिचे तीन बोकड ती स्वतः घेऊन जाणार, आणि दुपट्ट्याखाली स्वतः हात देणार.

गावात याची चर्चा झाली, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं की याची चर्चा करू नका. धर्मेंद्र फोनवर म्हणाला, "दे ना बाप्पा. फक्त मी गावात असताना नको देऊ." रामाजी सूनवासाशी, म्हणजे लहान भावाच्या बायकोशी, सरळ बोलत नाहीत, तसा रिवाज नाही, म्हणून ते अंगणात उभे राहून हवेशी बोलले. "ज्याले हात द्याचा असन त्यानं द्या. पण मंग पुढं कोणाच्या बकऱ्या बाजारात न्यायले मले सांगू नका. सांगून देजा त्यायले." आत गोपिका भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं, आणि सांगून द्यायला कोणी उरलं नाही.

त्यात धमकी नव्हती, साधा हिशेब होता. रामाजी मागे सरकले आणि बाजारात गोपिकाचा हात कुणी धरलाच नाही, तर तिचे बोकड तिच्या दावणीला म्हातारे होणार. बाकीच्या बायकांनी आपला निर्णय त्या बाजारानंतर घ्यायचं ठरवलं. पाठिंबा द्यायची ही पद्धत सगळीकडेच आहे.

आता प्रश्न शिकण्याचा. बोटांची ही भाषा सांगून येत नाही, हातात हात घेऊनच येते. आणि ती ज्यांना येत होती ते सगळे असे होते की ज्यांचा हात गोपिकाला धरता येत नव्हता. भासरे, चुलतसासरे, गावातली माणसं. धर्मेंद्रचा धरता आला असता, पण त्याला येत नव्हतं. त्यानं जन्मात काही विकलं नव्हतं.

श्वेतानं हे सगळं एका रविवारी जेवताना घरी सांगितलं. तिचा नवरा रोहित फोनमध्ये बघत होता. मधुकररावांनी घास खाली ठेवला.

"हे आमच्या धंद्यात होतं," ते म्हणाले. "गांधीबागेत सगळे सौदे असेच होत. मी शर्टाची बटणं लावायला शिकायच्या आधी हे शिकलो." आणि त्यांनी रोहितचा हात ओढून त्यावर टेबलावरचा नॅपकिन टाकला. "हजार. सांग किती?"

"दोन?" रोहित फोनवरची नजर न काढता म्हणाला.

"तीन. तुला शिकवलं होतं मी. विसरलास."

"आईंना येत होतं का हे?" श्वेतानं विचारलं.

"तिला कशाला? तिनं कधी विचारलं नाही."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

मधुकररावांनी भातावर वरण घेतलं. ते आधीच घेतलेलं होतं. मग म्हणाले, "बोलव त्या बाईला ऑफिसात. मी शिकवतो."

गोपिका वंदनासोबत आली. मनीषनगरच्या ऑफिसात कौशल्याबाईंचा मोठा फोटो आहे, त्याखाली दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. मधुकरराव धुवट दुपट्टा घेऊन वेळेच्या आधी आले होते. गोपिका समोर बसली, पदर सारखा केला. मधुकररावांनी दुपट्टा पसरला. आपला हात त्याखाली घातला. आणि थांबले. बराच वेळ दुपट्ट्याखाली त्यांचा एकटा हात होता.

"असं आहे," ते म्हणाले, "की मी जरा वेगळी सोय केली आहे."

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. दुकानात साड्या नेसवून उभ्या करतात त्या पुतळीचा उजवा हात होता तो. गोरा, गुळगुळीत, नखं लाल. मधुकररावांनी तो गोपिकाच्या हाती दिला आणि हा आपला हात समजावा असं सुचवलं. अडचण अशी निघाली की पुतळीची बोटं एकमेकांना चिकटलेली होती. कशीही धरली तरी पाचच.

"बाबूजी, हिच्यासंगं सौदा केला त भैय्याजी खूश होईन," गोपिका म्हणाली. "कायम एकच भाव."

"मी बसू का?" रोहितनं विचारलं. तो बाबांना सोडायला आला होता. गोपिकानं पदर आणखी ओढला. तो खाली गाडीत जाऊन बसला.

तेव्हा श्वेतानं खुर्ची ओढली आणि सासऱ्यांसमोर बसली. "बाबा, माझा हात धरा."

"तुझा कसा धरू?"

"दुपट्ट्याखाली. तुम्ही मला शिकवा, मी यांना शिकवते."

अठरा वर्षांत तिनं त्यांच्या पायांना अनेकदा हात लावला होता, त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला होता. हाताला हात कधीच नाही. तशी वेळच येत नाही अशा घरात. मधुकररावांनी फोटोकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग दुपट्टा नीट केला आणि म्हणाले, "हजार."

श्वेताला कळायला वेळ लागला. त्यांचा हात कोरडा आणि हलका होता, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार हुशार होता. "तीन," ती म्हणाली.

"बोलायचं नाही. हात बोलेल. आणि माझ्या तोंडाकडे अशी बघू नको. आपलं तोंड कोरं ठेव. भाव तोंडावर दिसला की गेला."

"माझं तोंड बऱ्याच वर्षांपासून कोरंच आहे, बाबा."

मधुकररावांना हे कौतुकाचं वाटलं. "म्हणूनच तुला लवकर जमेल," ते म्हणाले, आणि पुढची बोटं धरली. तासाभरात ते विसरले की समोर सून आहे. तिनं चुकीच्या वेळी हात दाबला तेव्हा त्यांनी तिला असं झापलं, की दुकानातल्या नोकरालाही इतक्या आपुलकीनं झापलं नसेल. "बुडालीस. अख्खा गठ्ठा गेला तुझा." श्वेतानं पुन्हा हात पुढे केला.

मग दुपट्टा श्वेता आणि गोपिकाच्या हातांवर आला. गोपिकाला आधी गुदगुल्याच झाल्या. नंतर जमायला लागलं, पण भाव पटला नाही की तिचं नाक वर जायचं.

"नाक आवर वं," वंदना म्हणाली.

"आपोआप जाते वं बाई. त्याले मी काय करू?"

पाच-सहा वेळा ती मनीषनगरला आली. नाक पूर्ण आवरलं नाही. बाकी आलं.

ईदच्या आधीचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. गोपिका तिचे तीन बोकड घेऊन उभी राहिली. शिंगांना तेल लावलेलं, पोट भरलेलं, तीन माणसांनी वळून पाहावं असे बोकड. गटातल्या बायका जवळच, पण सोबत आल्यासारख्या दिसणार नाहीत इतक्या लांब. रामाजी चहाच्या टपरीवर. आपला काही संबंध नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून ते मुद्दाम तिथं बसले होते. श्वेता, वंदना, आणि पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात मधुकरराव.

भैय्याजी आला. बोकडांचे दात पाहिले, पाठीवर हात दाबून पाहिला. मग विचारलं, "सौदा कोण करून राहिलं?"

"मी," गोपिका म्हणाली.

भैय्याजीनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "अरे, असं नसते बाई. मी बाजारात तुमचा हात धरू, अन् घरी काय सांगू?"

"सांगा का बोकड घेतले."

भोवती चार लोक हसले, त्यातून चाळीस जमले. भैय्याजीनं टपरीकडे पाहिलं. रामाजी चहाच्या कपात पाहत होते. मग त्याची नजर मधुकररावांवर गेली आणि चेहरा उजळला. "बस, मंग झालं. शेठजी आहेत ना. शेठजी, तुम्ही द्या हात बाईच्या तर्फेनं. गांधीबागेचे आहा म्हणे. मजा येईन."

सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. कुणाची अब्रू जात नव्हती, बोकड विकले जात होते, प्रकल्पही होत होता. मधुकररावांचा उजवा हात त्यांच्या नकळत कोपरापर्यंत बाही सारून तयार झाला होता. कित्येक वर्षांत त्यांना कुणी असा सौदा करायला बोलावलं नव्हतं. त्यांनी एक पाऊल टाकलं. श्वेता त्यांच्याकडे नुसती पाहत होती. तोंड कोरं ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं.

गोपिका आडवी आली नाही. तिनं तिन्ही दोऱ्या एकत्र केल्या आणि मधुकररावांच्या त्या तयार हातात दिल्या. "बाबूजी, तुम्ही बोकडं धरा. सुटतीन नाही त."

मधुकररावांनी बोकड धरले. दुसरं काय करणार? एका बोकडानं लगेच त्यांच्या कुर्त्याचं टोक तोंडात घेतलं. ते मलमल आहे असं त्यांनी त्याला सांगितलं.

ऊन चढत गेलं. भैय्याजी गेला, दुसरीकडे दोन सौदे करून परत आला, बोकडांकडे पाहून पुन्हा गेला. आणखी दोन व्यापारी येऊन दात पाहून गेले. हात कुणी पुढे केला नाही. गोपिकाचा चेहरा घामानं चमकत होता. बायकांपैकी एकीनं दुरूनच म्हटलं, "देऊन टाक वं भासऱ्याले. उगाच ऊन लागीन." गोपिकानं टपरीकडे एकदा पाहिलं. रामाजी उठून उभे राहिले होते. त्यांनी एक हाक मारली असती, तिनं एक मान हलवली असती, तर ते आले असते. दिलेला शब्द विसरून आले असते, इतके ते भले होते. म्हणूनच ती पुन्हा तिकडे बघेना.

तेवढ्यात सौरव आला. कोंढाळीकडचा तिशीतला व्यापारी, या बाजारात नवा, अजून मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरवण्याइतका जम न बसलेला. त्याला बोकड हवे होते आणि भैय्याजीसमोर त्याला कुणी माल देत नव्हतं. तो कान खाजवत म्हणाला, "ताई, मले चालते. द्या हात." आणि गळ्यातला दुपट्टा काढून पसरला. त्याचे कान लाल झाले होते.

गर्दीतून कोणी शिट्टी मारली. गोपिका खाली बसली, हात दुपट्ट्याखाली घातला. सौरव म्हणाला, "हजार." गोपिकाचं नाक वर गेलं. तिनं हात काढला. त्यानं पुन्हा मागितला. पुन्हा 'हजार', मग 'शेकडा'. या वेळी तिनं हात लगेच काढला नाही.

भैय्याजी हे सगळं दोन रांगा सोडून पाहत होता. बाई कापडाखाली हात घालून बसली आहे यापेक्षा जास्त लाजिरवाणं त्याला आता दिसत होतं ते हे, की तीन बोकड कोंढाळीकडे चालले आहेत. तो गर्दी सारत आला. "थांब गा, पोरा. सौदा झाला नाही अजून." आणि आपला पांढरा दुपट्टा झटकून तो मांडी घालून समोर बसला. "द्या बाई."

"घरी काय सांगान?" गोपिकानं विचारलं.

"ते मी पाहीन ना. तुम्ही द्या."

पुढचं कुणालाच दिसलं नाही. दुपट्टा हलत होता एवढंच. भैय्याजीची एक भुवई वर गेली आणि खाली आली. गोपिकानं दोनदा हात काढून घेतला, एकदा उठल्यासारखं केलं, सौरवकडे पाहिलं, पुन्हा बसली. वंदना तिच्या नाकाकडे डोळे लावून उभी होती. नाक हललं नाही. मग दुपट्ट्याखाली काहीतरी घट्ट झालं आणि दोघंही उठले.

"कडक आहे बाई," भैय्याजी गर्दीला म्हणाला. हे त्यानं कुठल्याच पुरुषाबद्दल कधी म्हटलं नव्हतं, पुरुषांच्या बाबतीत ते गृहीत असतं. त्यानं पैसे दिले. गोपिकानं पाठ फिरवून ते कमरेला खोचले. मधुकररावांच्या हातातून बोकड गेले, कुर्त्याचं टोकही बरंच गेलं होतं.

श्वेता टॅबलेट घेऊन तयार होती. 'प्रति पशू प्राप्त किंमत' या रकान्यावर अख्खा प्रकल्प उभा होता. "किती झाले?"

"झालं बरोबर."

"म्हणजे किती?"

"मॅडम, दुपट्ट्याखालचं बाहेर नाई सांगत."

"अहो, पण मला रिपोर्टमध्ये लिहायचंय. मला तरी."

गोपिकाला खरंच वाईट वाटलं, ते दिसत होतं. या बाईनं सासऱ्याचा हात धरला होता तिच्यासाठी. पण तिनं कमरेचे पैसे आणखी आत खोचले.

"नाही सांगत," मधुकरराव मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज जरा कडक होता. "मी कौशल्येला नाही सांगितलं कधी, रोहितलाही नाही. तो व्यवहार आहे. मागू नको." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ते गाडीकडे चालू लागले. श्वेतानं रकान्यात आधी शून्य टाकलं, ते बरोबर दिसेना, म्हणून खोडलं. रकाना रिकामाच राहिला. पुढच्या बैठकीत विश्वस्त तिला त्याबद्दल विचारणार होते आणि तिच्याकडे उत्तर होतं, पण ते प्रतिष्ठानच्या कुठल्याच उद्दिष्टात बसत नव्हतं.

भोरखाप्याकडे परत जायला प्रतिष्ठाननं काळीपिवळी जीप सांगितली होती. बायका मागे दाटीवाटीनं बसल्या. रामाजींना एसटी मिळाली नव्हती, म्हणून तेही आले आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसले. त्यांनी समोरच्या काचेला विचारलं, "चांगले गेले म्हणावं का?"

मागून गोपिका पदर सारखा करून वंदनाला म्हणाली, "सांग त्यायले, चांगले गेले."

रामाजी आणखी काही येईल म्हणून थांबले. आलं नाही. त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, पाहिली, परत ठेवली.

जीप डांबरी रस्त्याला लागली तशी मागे कुजबूज सुरू झाली. करिष्मा, जिच्या दोन बकऱ्या पुढच्या बाजाराला विकायच्या होत्या, ती गोपिकाला चिकटून बसली. "गोपिका, माह्या बी तूच नेजो. तुले आता येते सारं. भैय्याजी तुले भेते."

"माह्या बी," दुसरी म्हणाली.

"सगळ्याइच्याच नेजो. आम्हाले काय, तू सांगशीन तितके."

गोपिकानं बाहेर पाहिलं. सोपं होतं. बाजारात गेलं की लोक उठून जागा देतील, भैय्याजी दुरून हाक मारेल. घरी येऊन बायकांना सांगायचं, इतके आले. त्या म्हणतील, बरं. वंदना तिच्याकडे पाहत होती, आणि तिनं पाहिलेलं गोपिकाला कळत होतं. मोठ्या पुलाच्या उतारापर्यंत गोपिका बाहेरच पाहत बसली.

मग तिनं आपला पदर खांद्यावरून ओढून पुढे घेतला, करिष्माचा हात मांडीवर घेतला आणि त्यावर टाकला.

"हजार," ती म्हणाली.

"हे काय वं?"

"सांग किती."

"दोन?"

"तोंडानं नाई सांगायचं. पुन्हा. हजार."

करिष्मा हसली, मग हसायची थांबली. बाकीच्या पुढे झुकल्या. पदराखाली काय चाललं आहे ते त्यांनाही दिसत नव्हतं, म्हणून त्या आपली पाळी कधी येते ते विचारू लागल्या. समोर रामाजी ताठ बसले होते. मागे वळून पाहणं शक्य नव्हतं. मागे सूनवास होती. त्यांना मागून फक्त 'हजार' ऐकू यायचं, मग 'शेकडा', आणि मध्ये बराच वेळ काहीच नाही.